जुलैचा हिशेब कुणी केला? बडोद्यातल्या एका सभागृहाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ

सविनय नमस्कार.

सभागृहाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. सभासदांना ते कळेलच, आणि ज्यांच्या सभागृहात, शाळेत किंवा मंगल कार्यालयात असंच काम निघालं आहे त्यांनाही हे पत्र उपयोगी पडावं अशी इच्छा आहे.

सभागृह वातानुकूलित करण्याचा ठराव आपण केलात, याचं आम्हाला समाधान आहे. आमचा विरोध एसीला नाही. ठरावासोबत सभासदांना जो अर्ध्या पानाचा तपशील मिळाला, त्याला आहे. त्यात लिहिलं आहे ते एवढंच: क्षेत्रफळ मंचासकट ३,००० चौरस फूट, दर १०० चौरस फुटांना १ टन, म्हणून ३० टन, दीड टनाचे २० स्प्लिट एसी, पाच स्टार, 'हॉट अँड कोल्ड', आउटडोअर युनिट मागच्या बोळात. पुढे रक्कम आणि सह्या.

आम्ही या सभागृहाचे सभासद आहोत आणि आमच्यातले काही जण एसीची आखणी, जोडणी आणि दुरुस्ती करतात. वर्गणी आमची आहे, इथल्या खुर्च्यांवर आमचे आईवडील येऊन बसतात, मंचावर आमची मुलं उभी राहतात. उद्या भिंतीला बुरशी धरली आणि पडद्यांना कुबट वास सुटला की दुरुस्तीसाठी हाकही आम्हालाच येणार. म्हणून वर्क ऑर्डर निघण्याआधी बोलतो आहोत.

सगळ्यात मोठी हरकत अशी की या तपशिलात भागाकार आहे, हिशेब नाही.

१०० चौरस फुटांना १ टन हे माप झोपायच्या खोलीवरून आलं आहे. दहा फूट उंची, एक खिडकी, दोन माणसं. तिथे ते कसंबसं चालतं. आपल्या सभागृहाचं छत १६ फुटांवर आहे आणि ३,००० चौरस फुटांत ३०० माणसं बसतात, म्हणजे दर १०० चौरस फुटांत १०. खोलीत भिंती आणि खिडकी तापवतात. सभागृहात माणसं आणि त्यांच्यासाठी बाहेरून घ्यावी लागणारी हवा तापवते. त्यामुळे सभागृहाचं टनेज चौरस फुटांवरून काढताच येत नाही. ते खुर्च्या, ताजी हवा, स्लॅब, दिवे असं एकेक मांडून काढावं लागतं.

आणि बडोद्यात तो हिशेब दोनदा करावा लागतो. एकदा मेचा, एकदा जुलैचा. आमचं मुख्य म्हणणं हेच आहे.

टन म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सभेत 'टन जास्त म्हणजे गारवा जास्त' असं बोललं गेलं. एक टन म्हणजे २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तो वेग. किलोवॅटमध्ये सुमारे ३.५. एसी ही उष्णता दोन रूपांत ओढतो. एक रूप थर्मामीटरवर दिसतं: हवा ४२ वरून २४ अंशांवर येते. धंद्यात तिला सेन्सिबल म्हणतात. दुसरं रूप थर्मामीटरवर दिसत नाही. हवेतली वाफ कॉइलवर, म्हणजे एसीतल्या थंड नळ्या-पत्र्यांच्या जाळीवर, पाणी होऊन ठिबकते, ते पाणी व्हायला लागणारी उष्णता म्हणजे लेटंट.

हा फरक आपल्या प्रत्येकाच्या घरात माठ शिकवतो. मे महिन्यात माठाचं पाणी गारेगार होतं, जुलैत तोच माठ, तेच पाणी, तीच जागा, आणि पाणी कोमटच राहतं. मेची हवा कोरडी असते, ती माठाच्या अंगावरचं पाणी उचलते. जुलैची हवा आधीच पाण्याने भरलेली असते. जे माठाचं तेच आपल्या अंगावरच्या घामाचं. म्हणून जुलैत ३१ अंशांनाही जीव कासावीस होतो, आणि तिथे नुसता थंडावा पुरत नाही, हवेतलं पाणी बाहेर काढावं लागतं.

आता आकडे. आत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी असं धरलं. मेमधली तापलेली संध्याकाळ ४२ अंशांची, ओल्या गोळ्याचं तापमान (थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून मोजलेलं) २४. पावसाळ्यातली उकाड्याची संध्याकाळ ३१ अंशांची, ओला गोळा २७. मेच्या त्या हवेत दर किलोला ११ ग्रॅमच्या आसपास वाफ असते, जुलैच्या हवेत २१ ग्रॅम. आत आपल्याला १० ग्रॅम हवी आहे. म्हणजे मेची हवा ओलाव्याच्या दृष्टीने जवळजवळ तयारच येते. जुलैच्या हवेतलं निम्मं पाणी पिळून काढावं लागतं.

शांत बसलेला प्रेक्षक साधारण ६६ वॅट उष्णता अंगातून देतो आणि ३१ वॅटची वाफ श्वासाघामातून सोडतो. ३०० माणसांचे झाले २९ किलोवॅट, दोन्ही ऋतूंत सारखेच. ताजी हवा माणशी ५ घनफूट आणि दर चौरस फुटाला ०.०६ घनफूट प्रतिमिनिट या मापाने १,६८० सीएफएम (घनफूट प्रतिमिनिट) लागते. तिचा भार मेमध्ये सुमारे १९ किलोवॅट. जुलैत? ३१. बाहेर ११ अंश कमी गरम असताना हाच भार दीडपटीहून जास्त होतो. तपशील करणाऱ्याने या एका ओळीवर बोट ठेवलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

उरलेलं: उघडा स्लॅब मेमध्ये १८ किलोवॅटच्या आसपास, ढगाळ जुलैत ८. भिंती-खिडक्या मेमध्ये ७, जुलैत ३. दिवे, मंचावरचे दिवे आणि पंख्याची मोटर मिळून ९. बेरीज मेमध्ये ८२ किलोवॅट, म्हणजे सव्वातेवीस टन. जुलैत ८० किलोवॅट, पावणेतेवीस टन.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर कुणीही म्हणेल, मग फरक काय? फरक आतल्या वाटणीत आहे. मेच्या ८२ पैकी जेमतेम १२ किलोवॅट ओलाव्याचे. जुलैच्या ८० पैकी ३४ ओलाव्याचे. यंत्र एकच, पण मेमध्ये त्याने हवा थंड करायची आहे आणि जुलैत जवळजवळ तेवढ्याच ताकदीने पाणी काढायचं आहे. किती पाणी? ताज्या हवेतून तासाला ३५ लिटर आणि माणसांतून १३ ते १४. तीन तासांच्या नाटकात १४५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या जवळजवळ दहा बादल्या. आपला तपशील या दहा बादल्यांबद्दल एक शब्द बोलत नाही.

आणि हे सभागृह सगळ्यात जास्त भरतं केव्हा? गुरुपौर्णिमा, श्रावणातली कीर्तनं, भाद्रपदातले गणपतीचे दहा दिवस. मेमध्ये निम्मं गाव सुटीला बाहेर असतं. ज्या महिन्यांत सभागृह खचाखच असतं, त्याच महिन्यांचा हिशेब कुणी केलेला नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो जो सभेत सहज विचारला गेला: लागतात तेवीस आणि लावले तीस, तर बिघडलं काय, उलट चांगलंच ना?

नाही. दमट हवेत मोठा एसी हा लहान एसीइतकाच वाईट, कधी कधी जास्त. श्रावणातल्या पावसाच्या रात्री ४० माणसांची तालीम चालली आहे असं समजा. बाहेर २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. हवेत पाणी जवळजवळ तेवढंच, पण थर्मामीटरवर दिसणारी उष्णता फार थोडी: माणसं, थोडे दिवे, थोडा स्लॅब मिळून तीन-चार टन. बसवलेले ३०. साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी असेल तर काँप्रेसर काही मिनिटांत खोली २४ वर आणून बंद पडतो. कॉइलच्या पत्र्यांवर नुकतं कुठे पाणी धरायला लागलेलं असतं. थेंब जड होऊन कॉइलखालच्या तबकात पडायच्या आधीच गार होणं थांबतं. पंखा मात्र फिरत राहतो, आणि कॉइलवरचं आणि तबकातलं पाणी उडवून पुन्हा खोलीत सोडतो. थोड्या वेळाने काँप्रेसर सुरू, पुन्हा बंद. रात्रभर तेच पाणी आत-बाहेर.

इन्व्हर्टर एसीने हे सुटतं असा समज आहे. तोही अर्धाच खरा. गरज कमी झाली की इन्व्हर्टर काँप्रेसर हळू फिरतो, आणि कॉइलचं तापमान ९-१० अंशांवरून १५-१६ पर्यंत चढतं. २४ अंश, ५५ टक्के हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, सुमारे १४.४ अंश. कॉइल १६ अंशांवर असेल तर तिच्यावर एक थेंबही जमणार नाही, जसं साध्या पाण्याच्या तांब्याला बाहेरून दव धरत नाही, बर्फाच्या पाण्याच्या तांब्यालाच धरतं. आतली आर्द्रता मग चढत जाते आणि जिथे दवबिंदू कॉइलच्या वर सरकतो तिथेच ठिबकणं सुरू होतं. तोवर खुर्च्यांची गादी, पडदे आणि मंचाचं लाकूड ओल पिऊन बसलेलं असतं.

शिवाय दीड टनाचे २० स्प्लिट मिळून ११ ते १२ हजार सीएफएम हवा फिरवतात. आमच्या हिशेबाने या सभागृहाला फिरती हवा लागते साडेसहा हजार. कॉइलवरून हवा जितकी जास्त आणि जितकी घाईने जाते, तितकं पाणी कमी सुटतं. म्हणजे तपशिलातलं यंत्र दोन्ही बाजूंनी कोरडं करण्याच्या कामाला नालायक ठरतं.

लोक मग काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. चिकचिक होते म्हणून रिमोट १८ वर. हवा थंड होते, पण ओली तशीच, आणि आता भिंतीही थंड. मध्यंतरात दार उघडलं की बाहेरची २१ ग्रॅमची हवा त्या थंड भिंतीवर, काचेवर, छताच्या जाळीवर येऊन पाझरते. हवा ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला दुसरं काही लागत नाही. तबल्याची शाई-पुडी सैल पडणं, पेटीचे स्वर अडकणं, मागच्या खोलीतल्या जुन्या संहिता आणि रजिस्टरांना डाग पडणं, हे सगळं यातूनच येतं. सभागृहाच्या संग्रहातले जुने कागद कुठे ठेवले आहेत ते विश्वस्तांना सांगायला नको.

दुसरी मोठी हरकत ताज्या हवेची. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. तो आतलीच हवा थंड करून परत सोडतो. सभागृहाचं घनफळ ४८,००० घनफूट. ३०० माणसं दारं लावून बसली तर तासाभरात आतला कार्बन डायऑक्साइड ४,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४,०००) पार जातो. मोकळ्या हवेत तो ४२० च्या आसपास असतो. डोकं जड होणं, जांभया, दुसऱ्या अंकात पेंगणं हे नाटक रटाळ असल्यामुळेच होतं असं नाही. मग कुणीतरी गुदमरतंय म्हणून बाजूची दोन दारं उघडी ठेवतं, आणि जुलैची हवा कसलाही हिशेब न होता थेट आत येते. ताजी हवा वगळली म्हणून तिचा भार वाचत नाही. तो दारातून येतो, फक्त यंत्रातून न गाळता, न सुकवता.

वर धरलेलं १,६८० सीएफएम हे किमान माप आहे, आणि भरल्या सभागृहात तेवढ्यानेही कार्बन डायऑक्साइडचा आकडा २,००० च्या वर राहतो. म्हणून यात काटछाट करू नये. उलट बाहेर टाकायच्या थंड, कोरड्या हवेतून आत येणाऱ्या हवेला सुकवणारं एन्थाल्पी व्हील बसवलं तर या हवेचा भार निम्म्याहून खाली येतो, आणि त्याच वीजखर्चात जास्त ताजी हवा घेता येते. त्या चाकाला दोन्ही बाजूंनी फिल्टर लागतो आणि तो वेळेवर धुवावा लागतो, एवढी अट.

स्लॅबबद्दल. वरच्या मजल्याचा सहा इंची काँक्रीट स्लॅब, त्यावर काही नाही. दिवसभर तापलेला हा स्लॅब नाटक सुरू व्हायच्या वेळेला खाली उष्णता सोडत असतो. आधी गच्ची सुधारली तर यंत्रच लहान लागतं. क्रम असा: स्लॅबची तडे-भरणी आणि वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिमी एक्सपीएसच्या (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमच्या) पाट्या सांधे जुळवून, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग उतार दिलेला गिलाव्याचा थर आणि पांढरं चायना मोझॅक. पाट्या खालून फॉल्स सीलिंगवर टाकायचा मोह होईल, कारण तो स्वस्त. पण मग काँक्रीट तापतच राहतं आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. इन्सुलेशन स्लॅबच्या वरच हवं.

यानंतर स्लॅबचा मेमधला भार १८ वरून ३ किलोवॅटवर येतो. एकूण बेरीज मेमध्ये ६७ किलोवॅट, १९ टन. जुलैत साडेत्र्याहत्तर, २१ टन. गच्ची नीट केल्यावर सभागृहाचा सगळ्यात अवघड महिना मे राहत नाही, जुलै होतो. ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी आमच्यासोबत बसून बेरीज तपासावी. आम्हाला आनंदच आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एसीवर छापलेलं टनेज बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असताना मोजलेलं असतं. मागच्या अरुंद बोळात २० आउटडोअर युनिट एकमेकांच्या तोंडाशी बसवली की एकाची गरम हवा दुसरा ओढतो, मेमध्ये बोळातली हवा ५० अंशांकडे जाते, यंत्राची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी घटते आणि हायप्रेशरवर काँप्रेसर ट्रिप होतात. तोच बोळ सखल आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात किती वर चढलं होतं ते बडोदेकरांना सांगायला नको. जमिनीवरची युनिट आणि विजेचं पॅनेल पुराच्या वाटेत ठेवण्यात काय अर्थ आहे? गच्चीवर, मोकळ्यावर, चबुतऱ्यावर जागा आहे. मात्र कॉपरची लांबी आणि उंची कंपनीच्या मर्यादेत बसते का ते आधी मोजा.

निचऱ्याची एक ओळही नाही. तासाला ४८ लिटर पाणी कुठून जाणार? आडव्या पाइपला मीटरमागे निदान १ सेमी उतार हवा, पाइपवर इन्सुलेशन हवं, नाहीतर तो स्वतःच घाम गाळून छत भिजवतो. डक्टच्या, म्हणजे पत्र्याच्या नळांतून हवा पोचवणाऱ्या, यंत्रात पंखा कॉइलच्या पुढे असतो, तो तबकातलं पाणी मागे ओढून धरतो. म्हणून तिथे ७५ ते १०० मिमी खोल ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारं पाइपचं वळण, लागतो. हा ट्रॅप विसरला की पाणी साचतं, तबक ओसंडतं आणि दोष 'गॅस कमी आहे' या नावावर खपवला जातो.

'हॉट अँड कोल्ड' कशाला? जानेवारीतल्या थंड रात्रीही भरलेल्या सभागृहात ३०० माणसांच्या अंगातूनच २० किलोवॅट उष्णता मिळते. तो जादा पैसा गच्चीवर घाला.

आणि २० स्प्लिटचे २० पंखे नाटकाच्या सभागृहात चालणार आहेत. मागच्या रांगेपर्यंत माइकशिवाय आवाज पोचवायची सवय असलेल्या नटांना विचारा.

एक हरकत यंत्राची नाही, कामाच्या पद्धतीची आहे. सभासदांना हिशेब दाखवलेला नाही, कारण तो झालेलाच नाही. दरपत्रकं सगळी 'दीड टन, २० नग' याच ओळीवर मागवली गेली. म्हणजे कुणी योग्य हिशेब करून आला असता तरी त्याला भाग घेता आला नसता. सर्वांत कमी दर आला म्हणजे काम स्वस्त झालं असं नाही. चुकीच्या यंत्राचा सर्वांत कमी दर आला, इतकंच.

आमच्या मागण्या या आहेत.

वर्क ऑर्डर थांबवावी. आधी गच्चीचं काम, पावसाच्या निदान महिनाभर आधी पुरं होईल असं.

यंत्राचा हिशेब तीन वेळांसाठी लेखी करून घ्यावा: मेची तापलेली संध्याकाळ, जुलैची भरल्या सभागृहाची संध्याकाळ, आणि पावसाची रात्र ४० माणसांसह. प्रत्येकात सेन्सिबल आणि लेटंट वेगळं दाखवलेलं असावं. ज्या ठेकेदाराला हे वेगळं दाखवता येत नाही, त्याला हे काम देऊ नये.

दरपत्रक नव्याने मागवावं, नगांवर नव्हे, कामगिरीवर: २४ ते २५ अंश, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत, १,६८० सीएफएम ताजी हवा. आमच्या मते त्यासाठी बाहेरची हवा सुकवून आत देणारं साधारण १२ टनांचं स्वतंत्र यंत्र, सहा किंवा आठ रांगांच्या कॉइलचं, आणि सभागृहातली हवा फिरवणारी साडेपाच ते सहा टनांची दोन डक्टेबल यंत्रं पुरतील. बसवलेले एकूण २४ टनांच्या आत. २१ च्या गरजेवर हा वाढावा मेमधल्या घटलेल्या ताकदीसाठी आहे, चैनीसाठी नाही. तालमीच्या रात्री एकच फिरतं यंत्र आणि ताजी हवा हळू वेगावर चालेल, कॉइल थंड राहील, पाणी ठिबकत राहील. आमची रचनाच घ्या असा हट्ट नाही. दुसरी कुणी चांगली दाखवली तर तीच घ्यावी.

प्रवेशाला दोन दारांची छोटी मधली खोली करावी, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. हे काम सुताराचं आहे आणि एसीच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

ठेकेदाराच्या बिलातली १० टक्के रक्कम पावसाळ्यातली चाचणी होईपर्यंत रोखून धरावी. मेमध्ये रिकाम्या सभागृहात रिमोटवर २२ आकडा दाखवणं ही चाचणी नव्हे. भाद्रपदात, भरल्या सभागृहात, मधल्या आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड तीन तास नोंदवावेत. त्यासाठी लागणारी उपकरणं आम्ही आणू, मोजणीचे पैसे घेणार नाही. ठेकेदाराचा माणूस आणि विश्वस्तांपैकी एक जण सोबत असावा.

आपल्यापैकी कुणाच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. गणपतीच्या आधी सभागृह थंड व्हावं ही घाई आम्ही समजू शकतो. पण एकदा भिंतीतून २० ठिकाणी पाइप गेले की मागे फिरता येणार नाही, आणि त्या गणपतीतच लोक ओल्या थंडीत कुडकुडत घाम पुसत बसतील.

येत्या सर्वसाधारण सभेत या विषयाला एक तास द्यावा. मे, जुलै आणि पावसाची रात्र असे तिन्ही हिशेब आम्ही पान-पान मांडून ठेवले आहेत. सभेच्या आठ दिवस आधी ते सूचनाफलकावर लावायची परवानगी मिळावी, म्हणजे ज्याला चूक काढायची आहे त्याला ती तिथेच पेन्सिलीने लिहिता येईल.

आपले,
सभागृहाचे काही सभासद, बडोदे